खेळणाऱ्या बाईचा पगार

या वेळचं संपादकीय बास्केटबॉलवर आहे म्हटल्यावर काही मैत्रिणी हसतील, काहीजणी रागावतीलही. कोवळ्या वयातल्या सोयरिकी, कोयत्यावर जाणाऱ्या बायांची काढून टाकलेली गर्भाशयं, रोजगार हमीची थकलेली मजुरी, एवढं सगळं मराठवाड्यात समोर असताना हा चेंडू मध्येच कुठून आला? प्रश्न रास्त आहे. आपल्या संघटनांना खेळाची आठवण होते ती वर्षातून एकदा, आठ मार्चला. तीही संगीत खुर्ची आणि लिंबू-चमच्यापुरती. बाया पोट धरधरून हसतात, बक्षिसाला स्टीलचा डबा मिळतो, आणि आपण पुढच्या भाषणाकडे वळतो.

विडी वळणारीच्या, निंदायला जाणारीच्या, अंगणवाडीतल्या ताईच्या श्रमाचं मोल मागायला आपण शिकलो. घरकामालाही श्रम म्हणायला शिकलो, आणि त्यासाठी आपल्याच घरात किती वाद घालावे लागले ते प्रत्येकीला ठाऊक आहे. मात्र जिचं खेळणं हेच काम आहे, त्या बाईच्या मजुरीबद्दल, बाळंतपणाबद्दल, गुडघे गेल्यानंतरच्या आयुष्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तिचा फोटो पेपरात येतो, गावात सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. पगाराचं काय, हे कुणी विचारत नाही. बक्षीस मिळवणारीला पगार कशाला, असंच जणू आपल्या मनात असतं.

एक शब्दही इथे आडवा येतो. खेळावर पोट भरणाऱ्या पुरुषाला आपण 'व्यावसायिक खेळाडू' म्हणतो. त्याच अर्थाचा साधा मराठी शब्द 'धंदा' आहे, आणि तो बाईला लावून पाहा. काय अर्थ होतो ते सांगायची गरज नाही. स्वतःच्या शरीराच्या कसबावर उजळ माथ्याने पैसे कमावणाऱ्या बाईसाठी भाषेने नीट जागाच ठेवलेली नाही.

आता गार्डबद्दल. आपल्याकडे गार्ड म्हटलं की आगगाडीच्या शेवटच्या डब्यातला हिरवी झेंडी दाखवणारा माणूस आठवतो. (रेल्वेने २०२२ मध्ये त्याचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं.) बास्केटबॉलमधली गार्ड वेगळी. संघात पाचजणी असतात, त्यांतल्या साधारण दोघी गार्ड. चेंडू आपल्या बाजूकडून पुढे न्यायचा, अंगावर धावून येणारीला चुकवायचं, कुठली मैत्रीण मोकळी आहे ते ओळखून तिच्याकडे चेंडू द्यायचा, आणि वेळ आली की स्वतः टाकायचा. उंच मुली बास्केटखाली उभ्या असतात, गार्ड त्या मानाने बुटकी. तिचं भांडवल म्हणजे पाय, मनगट आणि डोकं. आपल्याकडच्या काटक, चपळ पोरींनी हा खेळ खेळायचा ठरवला तर बहुतेकींच्या वाट्याला हीच जागा येईल.

पण बायकांच्या बास्केटबॉलमध्ये गार्ड अशी मोकळी नव्हती. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींच्या कॉलेजात नेला. नेताना नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि मुलींनी आपापल्या भागातच राहायचं असं ठरलं. फार धावल्याने नाजूक शरीराला आणि मनाला अपाय होईल ही त्या काळची समजूत. बेरेन्सनबाईंना दोष द्यावासा वाटत नाही. या सवलती दिल्या नसत्या तर मुलींना खेळूच दिलं नसतं. पुढे सहाजणींचा खेळ रूढ झाला. मधोमध रेषा, एका बाजूला तीन फॉरवर्ड, दुसऱ्या बाजूला तीन गार्ड. गार्डने रेषा ओलांडायची नाही. बास्केटमध्ये चेंडू टाकायचा तो फॉरवर्डने. गार्डने फक्त राखायचं, अडवायचं, चेंडू मिळाला की रेषेपलीकडच्या मुलीकडे द्यायचा. एखादी मुलगी शाळेची चारही वर्षं संघातून खेळे आणि सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू न टाकता बाहेर पडे. आयोवा राज्यात शाळकरी मुली १९९३ सालापर्यंत असा खेळ खेळत होत्या! घर राखायचं, मिळकत दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उंबरा ओलांडायचा नाही, ही व्यवस्था लातूरच्या वाचकांना मुद्दाम समजावून सांगायला नको.

रेषा पुसली गेली, पण मजुरीचा प्रश्न उरला. आपल्या देशातल्या दोन गार्डची वाटचाल त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

पहिली चेन्नईची अनिता पॉलदुराई. एकोणिसाव्या वर्षी ती भारतीय संघाची कर्णधार झाली. अठरा वर्षं देशासाठी खेळली, सलग नऊ आशियाई स्पर्धांत उतरली. मध्ये मूल झालं. आपल्याकडे खेळाडू बाईची गोष्ट साधारण इथे संपते, पण अनिता परत आली. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' गटाची अंतिम लढत झाली. भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं अवघ्या दोन गुणांनी हरवलं आणि वरच्या गटात जागा मिळवली. कर्णधार अनिता होती, एका लहान मुलाची आई. २०२१ मध्ये तिला पद्मश्री जाहीर झाली.

त्याच संघात दुसरी गार्ड होती आपल्या पुण्याची शिरीन लिमये. जन्म १९९५ चा, म्हणजे अनितापेक्षा दहा वर्षांनी लहान. विशी ओलांडायच्या आत ती वरिष्ठ संघात आली होती. पुढे कर्णधारपद तिच्याकडे आलं. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगचौ इथे, एक वर्ष पुढे ढकललेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, तिच्या नेतृत्वाखाली आपला संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. महाराष्ट्रात किती जणांना हे माहीत आहे? ज्या घरांत क्रिकेटच्या राखीव खेळाडूंचीही नावं पाठ असतात, तिथे देशाच्या संघाची धुरा वाहिलेल्या या मराठी मुलीचं नाव घेतलं तर 'कोण ही?' असं विचारतील. २०१७ ला मिळवलेली वरच्या गटातली जागाही टिकली नाही. जपान, चीन, ऑस्ट्रेलिया या देशांच्या मुली वर्षभर पगार घेऊन खेळतात, आपल्या मुली शिबिरापुरत्या एकत्र येतात. मग दुसरं काय होणार?

अनिताचं पोट कशावर चाललं? दक्षिण रेल्वेच्या नोकरीवर. आपल्या देशातल्या खेळाडू बाईची लीग म्हणा, क्लब म्हणा, पेन्शन म्हणा, सगळं रेल्वे आहे. कबड्डी, हॉकी, कुस्ती, खो-खो, बास्केटबॉल, कुठल्याही संघाची यादी काढा, रेल्वेच्या मुली सापडतीलच. म्हणजे आपली गार्ड खरोखरच रेल्वेत असते, फक्त झेंडी हातात नसते.

या नोकरीला नाक मुरडायची काही शहाण्यांना सवय आहे. खेळाडू कारकून झाली, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बाईला १८० दिवसांची बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते, परत आल्यावर खुर्ची जागेवर असते. मूल झाल्यावर बाई पुन्हा मैदानात उतरते तेव्हा तिच्या जिद्दीची गोष्ट सगळे सांगतात. त्या जिद्दीखाली पगाराची पावती असते, ती कुणी दाखवत नाही. ज्यांच्याकडे ही पावती नसते त्यांच्यातही जिद्द असतेच, पण त्यांचं नाव आपल्याला कळतच नाही.

याउलट जिथे लीग आहे, पैसा आहे, त्या अमेरिकेचं पाहा. स्कायलर डिगिन्स-स्मिथ ही तिथली नावाजलेली गार्ड. २०१८ चा संपूर्ण हंगाम ती गरोदरपणात खेळली आणि कुणाला कळू दिलं नाही. वर्षभराने तिने हे उघड केलं, आणि बाळंतपणानंतर आपण नैराश्यातून गेलो हेही सांगितलं. त्या वेळच्या करारानुसार बाळंतपणाच्या काळात अर्धाच पगार हाती येण्याची शक्यता असे. खेळाडूंच्या संघटनेने भांडून २०२० मध्ये नवा करार करून घेतला. बाळंतपणात पूर्ण पगार, अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतंत्र जागा, मूल असलेल्या खेळाडूला दोन खोल्यांचं घर. यातलं कुठलंही कलम दयेने मिळालेलं नाही. बायांनी युनियन केली आणि मालकांसमोर बसून मिळवलं. आपल्या विडी कामगार बायांना ही रीत सहज कळेल.

पैशाचंही तसंच. सिंथिया कूपर ही लॉस एंजेलिसच्या वॉट्स या गरीब वस्तीतली, आठ भावंडांतली मुलगी, आई एकटी कमावणारी. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात ती होती. पण कॉलेज संपल्यावर मायदेशात बायकांना पगार देणारा एकही क्लब नव्हता. दहाएक वर्षं ही गार्ड स्पेन आणि इटलीत जाऊन खेळली. १९९७ मध्ये अमेरिकेत बायकांची लीग सुरू झाली तेव्हा ती चौतिशीत होती. ज्या वयात खेळाडू बूट काढून ठेवतात त्या वयात तिने ह्यूस्टनच्या संघाला सलग चार वर्षं विजेतेपद मिळवून दिलं. तिची ऐन उमेदीची वर्षं परक्या मुलखात गेली, आणि तरीही ती नशीबवान म्हणायची. लीगही काही न्यायाचं नंदनवन नाही. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क ही गार्ड पहिल्या क्रमांकाने निवडली गेली. तिच्या सामन्यांना स्टेडियम अपुरी पडली. पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाने घेतलेल्या मुलाचा पगार एक कोटी वीस लाख डॉलरच्या वर होता.

आपल्याकडून बाहेर खेळायला गेलेल्यांत केरळची गीतू ॲना जोस आठवते. ती गार्ड नव्हे, उंचीपुरी सेंटर. ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या लीगच्या चाचणीपर्यंत पोचली. देशात तिच्यासाठी काय होतं? तेव्हाही रेल्वे.

पुरुषांसाठी मात्र लीग निघतच राहिल्या. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. बायकांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची स्पर्धा पुरुषांच्या सामन्यांच्या जोडीला घेतली, ती त्या एका वर्षावर थांबली. खो-खो हा तर आपल्या मातीतला खेळ, शाळेच्या पटांगणात मुलीच तो जास्त खेळतात. २०२२ मध्ये पुण्यात त्याची मोठी लीग झाली, सहा संघ, सगळे पुरुषांचे. बास्केटबॉलमध्येही पाच-पाच जणांच्या खेळाच्या लीग पुरुषांसाठीच काढल्या गेल्या. बायकांचे सामने कोण बघणार, असं विचारतात. क्रिकेटबद्दलही हेच विचारलं जायचं. २०२२ मध्ये मंडळाने सामन्याचं मानधन सारखं केलं, २०२३ मध्ये मुलींची लीग आली, आणि बघणारे आले. आधी दाखवायचंच नाही आणि मग कुणी बघत नाही म्हणायचं, हा न्याय बायांना नवा नाही.

आता लातूरकडे येऊ. चेन्नई-पुण्यात गार्ड घडते ती कुठल्या वयात? बारा ते अठरा. चेंडूवर हात बसायला, न बघता मैत्रीण कुठे आहे हे अंगात भिनायला तेवढी वर्षं लागतात. याच वर्षांत आपल्याकडे मुलीचं काय होतं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के होतं. गार्ड व्हायच्या वयात आपली पोर हळदीला बसते.

जी वाचते ती 'लातूर पॅटर्न'मध्ये जाते. आपल्या शहराचं नाव या पॅटर्नने महाराष्ट्रभर केलं, हजारो मुलींना डॉक्टर-इंजिनीअर केलं, आणि त्याचा अभिमान आहेच. निलंगा, उदगीर, अहमदपूर, पलीकडून देगलूर, मुखेड इथून आलेल्या पोरी ट्यूशन एरियात खोल्या करून राहतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास, मेस आणि सराव परीक्षा. सराव हा शब्दच आता परीक्षेचा झाला आहे. दहावीपर्यंत खेळणारी मुलगी अकरावीत बूट माळ्यावर टाकते. पालकांना खेळ हवा असतो तो दहावी-बारावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांपुरता, जास्तीत जास्त पंचवीस. गुण पदरात पडले की खेळ संपला. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्या दारापर्यंत जायला राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे मधली चार-पाच वर्षं मुलीने घरच्या पैशाने खेळत राहायचं. कुठल्या घरच्या? सोयाबीनचा भाव पडला की पहिल्यांदा कुणाचा खर्च कापतात, हे सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. तेव्हा रांगेत घागरी घेऊन कोण उभं होतं ते आपण पाहिलंच आहे. सकाळचा सराव बुडाला तो पोरींचा.

आपल्या शेजारची सारिका काळे याच मुलखातून वर आली. धाराशिव जिल्ह्यातली ही खो-खोची खेळाडू. २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळाला. त्या वेळी तिने सांगितलं होतं की जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवून खेळलो. घरच्या अडचणींमुळे तिने खेळ सोडून द्यायचंही ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव आणि घरची माणसं मागे उभी राहिली म्हणून ती परतली. पुरस्काराच्या वेळी ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. पेपरांनी 'गरिबीवर मात' असे मथळे दिले. देशाच्या कर्णधाराला एका वेळच्या जेवणावर ठेवणारे कोण, असा मथळा कुठे दिसला नाही.

कपड्यांवरूनही भांडण आहेच. अर्ध्या चड्डीत मुलगी मैदानावर आली की पारावरच्या माणसांना संस्कृती आठवते. दुसऱ्या बाजूने आंतरराष्ट्रीय महासंघाने वर्षानुवर्षं डोकं झाकून खेळायला बंदी ठेवली होती. बिलकिस अब्दुल-कादिर ही अमेरिकेतली मुस्लिम गार्ड. शाळेत असताना तिने तीन हजारांवर गुण केले, त्यांच्या राज्यात मुलगे-मुली मिळून विक्रम. कॉलेजातही हिजाब घालून खेळली. २०१४ मध्ये युरोपात व्यावसायिक म्हणून जायचं ठरवलं तेव्हा हा नियम आडवा आला. बायकांनी जगभर दाद मागितली, २०१७ मध्ये नियम बदलला. तोपर्यंत तिची वेळ निघून गेली होती. नांदेड, उदगीर, लातूरच्या उर्दू शाळांतल्या मुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना हा बदललेला नियम कुणीतरी जाऊन सांगायला हवा. झाकलं म्हणून हाकलायचं आणि उघडं म्हणूनही हाकलायचं, असं दोन्हीकडून चालू देता येणार नाही.

आणि मैदानावरची भीती. २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या तेव्हा एका वृत्तपत्राने तपासून पाहिलं. तीस राष्ट्रीय क्रीडा संघटनांपैकी सोळांकडे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कायद्याप्रमाणे समिती नव्हती. विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. त्या डिसेंबरात साक्षी मलिकने टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडली. मुलीला सरावाला पाठवायला घाबरणाऱ्या आईला आपण मागासलेली म्हणतो, पण तिची भीती हवेतली नाही.

आपल्या गटांनी यात काय करायचं? लातूर हे राज्याच्या एका क्रीडा विभागाचं ठिकाण आहे, तेव्हा दार ठोठवायला मुंबईला जायची गरज नाही. विभागात आणि जिल्ह्यात तक्रार समिती आहे का, तिच्यात बाहेरची सदस्य कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. बालविवाह थांबवायला आपण ज्या घरी जातो त्या घरी मुलगी कुठला खेळ खेळते हेही विचारता येतं. सामन्याची तारीख ठरलेली पोर लग्नाची तारीख पुढे ढकलायला कधीकधी स्वतःच धीर करते. ट्यूशन घेणाऱ्यांना सांगता येतं की मुलींसाठी संध्याकाळचा एक तास मोकळा ठेवा. ते ऐकतील अशी फार आशा नाही, पण पालकांच्या बैठकीत हा विषय काढणारी पहिली बाई आपल्यातली असायला हरकत नाही. आणि राज्यात कुठलीही नवी लीग निघाली, सरकारी जागा किंवा सरकारी पैसा तिला मिळाला, तर बायकांचा संघ कुठे आहे आणि त्यांचा करार कसा आहे, हे पहिल्या दिवशी विचारायला हवं.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक तालुक्यातून एवढंच कळवा. तुमच्या गावात मुलींना खेळायला मैदान आहे का, ते संध्याकाळी सहानंतर उघडं असतं का, तिथे दिवा आणि संडास आहे का. शाळेच्या संघात दहावीत किती मुली होत्या आणि अकरावीत किती उरल्या. पोस्टकार्डावर मावेल एवढं पुरे. आलेली माहिती तालुकावार छापू आणि तोच अंक घेऊन क्रीडा कार्यालयात जाऊ.